रोजच्या वापरातली स्पोर्ट्स कार आणि नागपूरचे रस्ते : टायर कोणते घ्यावेत?

नमस्कार, श्रोतेहो.

रोज कामावर जाण्यायेण्यासाठी स्पोर्ट्स कार वापरणारी मंडळी नागपुरात संख्येने थोडी असली, तरी वर्धा रोडवर किंवा सिव्हिल लाइन्समध्ये अशा गाड्या आता सहज दिसतात. कंपनीकडून आलेले टायर झिजले की या गाड्यांच्या मालकांपुढे प्रश्न उभा राहतो, की पुन्हा समर टायरच घ्यावेत, की जास्त टिकणारे ऑल-सीझन टायर बसवून मोकळे व्हावे? माझे उत्तर मी आधीच सांगून टाकतो. जो नागपुरात राहतो आणि ज्याची गाडी वर्षभर बहुतांशी विदर्भातच फिरते, त्याने समर टायरच घ्यावेत.

या दोन प्रकारांतला मूळ फरक रबराच्या मिश्रणात असतो. रबर थंडीत कडक होते आणि उष्णतेत मऊ पडते. समर टायरचे मिश्रण उबदार रस्त्यावर पकड धरावी अशा बेताने केलेले असते, आणि हवेचे तापमान साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली उतरू लागले की त्याची पकड कमी होत जाते. ऑल-सीझन टायरचे मिश्रण त्याहूनही थंड हवेत लवचीक राहावे लागते, कारण हा टायर मुख्यतः जिथे हिवाळ्यात थोडाफार बर्फ पडतो, पण त्यासाठी वेगळे टायर ठेवण्याची लोकांची तयारी नसते, अशा प्रदेशांसाठी घडवलेला आहे. आता आपल्या शहराचे तापमान पाहा. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली, तर २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला. ही दोन्ही टोके झाली. एरवी डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेही तापमान बहुधा दहा-बारा अंशांच्या आसपास असते, म्हणजे समर टायरला अवघड जाईल अशी थंडी आपल्याकडे वर्षातून मोजक्याच पहाटे पडते. अशा पहाटे पहिले काही किलोमीटर गाडी सांभाळून चालवली की काम भागते.

उलट बाजूचा त्रास मात्र कित्येक आठवडे चालतो. मे महिन्याच्या दुपारी डांबराचे तापमान हवेपेक्षा कितीतरी वर जाते. ऑल-सीझन टायर हातात घेऊन त्याच्या पृष्ठभागावर अंगठा दाबून पाहिला, तर रबराच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने ओढल्यासारख्या बारीक चिरा दिसतात आणि त्यांच्यामधल्या पातळ पाकळ्या अंगठ्याखाली वाकतात. बर्फात या चिरांच्या कडा रुततात आणि टायरला पकड मिळते. तापलेल्या रस्त्यावर मात्र जोरात ब्रेक मारला किंवा वळण वेगात घेतले की याच पाकळ्या आडव्या होतात, ठोकळा डळमळतो, त्यातून आणखी उष्णता निर्माण होते आणि स्टिअरिंगला गाडीचा प्रतिसाद किंचित उशिरा मिळतो. साध्या कारमध्ये हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. परंतु ज्या गाडीचे सस्पेन्शन, ब्रेक आणि स्टिअरिंग समर टायर गृहीत धरून जुळवलेले असते, तिच्यात हा फरक पहिल्याच वळणावर जाणवतो, आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जे जास्तीचे अंतर लागते ते तर केवळ जाणवण्यापुरते राहत नाही.

कॉन्टिनेंटलच्या एक्स्ट्रीम कॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस ०६ प्लस या अमेरिकेत खपणाऱ्या ऑल-सीझन टायरवर डी, डब्ल्यू आणि एस ही रोमन अक्षरे रबरातच कोरलेली असतात. कोरडा रस्ता, ओला रस्ता आणि बर्फ असा त्यांचा अर्थ आहे. टायर झिजू लागला की बर्फाचे अक्षर सर्वांत आधी पुसले जाते. नागपूरकराने असा टायर मागवला, तर जे अक्षर आपल्या उपयोगाचेच नाही त्याच्यासाठीही तो पैसे मोजतो.

टिकाऊपणाचा मुद्दा खरा आहे आणि तो मी नाकारत नाही. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ४ एस या समर टायरचा झिजेचा अमेरिकी निर्देशांक (आकडा जितका मोठा, तितका टायर जास्त टिकाऊ) ३०० आहे, तर त्याच कंपनीच्या पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४ चा ५४०. हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवून जाहीर करते, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करू नये. एकाच कंपनीच्या दोन टायरमधला फरक मात्र त्यातून पुरेसा कळतो. नागपुरात गेल्या काही वर्षांत सिमेंटचे रस्ते खूप झाले आहेत आणि त्यांचा खरखरीत पृष्ठभाग मऊ रबर लवकर खातो, हेही तितकेच खरे. तरीही माझे मत बदलत नाही. एवढ्या ताकदीची गाडी रोज चालवायची ठरवल्यावर टायर लवकर बदलण्याचा खर्च पेट्रोलच्या खर्चासारखाच गृहीत धरलेला बरा.

आता पावसाविषयी. समर टायर पावसात घसरतात असा समज मी वारंवार ऐकतो. हा समज चुकीचा आहे आणि त्यामुळे लोक नको तो टायर निवडतात. चांगल्या समर टायरला परिघाभोवती रुंद, खोल खोबणी असतात, त्या पाणी बाहेर फेकतात, आणि आपल्या पावसाळ्यातल्या उबदार ओल्या रस्त्यावर हा टायर त्याच दर्जाच्या ऑल-सीझनपेक्षा सहसा कमी अंतरात थांबतो. टायर पाण्यावर तरंगू लागतो तो खोबण्या उथळ झाल्यामुळे, वेग जास्त असल्यामुळे किंवा हवा कमी असल्यामुळे. शिवाय स्पोर्ट्स कारचे टायर रुंद असल्याने हा धोका तिला अधिक असतो. कायद्याने खोबणीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते, पण पावसाळ्याच्या तोंडावर ती ३ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर टायर बदलून टाकावा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून शहरात जे पाणी शिरले, तशा वेळी कोणताही टायर उपयोगाचा नाही, तेव्हा गाडी बाहेर काढूच नये. ट्रॅकवर चालवण्यासाठी मिळणारे, जवळजवळ गुळगुळीत टायर मात्र जून ते सप्टेंबर रस्त्यावर आणू नयेत. माझी शिफारस त्यांच्यासाठी नाही.

समृद्धी महामार्गावर नियमित जाणाऱ्यांनी हवेकडे विशेष लक्ष द्यावे. ७०१ किलोमीटरच्या या काँक्रीट रस्त्यावर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे आणि तासन्‌तास एकाच वेगाने गाडी चालते. हवा कमी असेल तर टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात दबते, तापते आणि शेवटी फाटते. तापमान साडेपाच-सहा अंशांनी बदलले की टायरमधला दाब साधारण १ पीएसआयने बदलतो, म्हणून डिसेंबरच्या पहाटे भरलेली हवा आणि मेच्या दुपारी दिसणारा आकडा यांत पाच-सहा पीएसआयचा फरक पडू शकतो. दाब सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असतानाच तपासावा. प्रवासात टायर तापल्यावर आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा काढू नये.

वर्षातून दोन-तीनदा हिमाचल किंवा काश्मीरला हिवाळ्यात स्वतः गाडी चालवत जाणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. शून्याखालच्या थंडीत समर टायरच्या रबराला तडे जाऊ शकतात, त्यांनी ऑल-सीझनचा विचार जरूर करावा. मात्र घ्यायचे तर चारही टायर एकाच प्रकारचे घ्यावेत. पुढे एक आणि मागे दुसरा प्रकार बसवला, तर ओल्या वळणावर गाडीचे एक टोक आधी सुटते.

शेवटी दुकानातली गोष्ट. टायर रिमवर चढवण्यापूर्वी बाजूच्या भिंतीवरचा चार आकडी शिक्का वाचून घ्यावा. तिथे २२२५ असेल तर तो टायर २०२५ सालच्या बाविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. स्पोर्ट्स कारच्या आकाराचे टायर आपल्याकडे कमी खपतात आणि गोदामात पडून राहतात, त्यामुळे दोन वर्षांहून जुना माल समोर आला तर तो परत करून नवा मागवावा, आणि त्यासाठी लागणारा वेळ धरून ऑर्डर एप्रिलमध्येच द्यावी.