मुलांसमोर कविता सादर करताना हातवारे कुठले द्यायचे?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत मी नाट्यछटेवर बोलले आणि खाली प्रश्न आले ते कवितेचे. 'मुलांसाठी कवितांचा कार्यक्रम बसवतोय, सुरुवात कुठून करू?' 'मुलं चुळबुळ करतात, काय करू?' आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न म्हणजे 'हातवारे कुठले द्यायचे?' खरं सांगायचं तर आज बसलेय ती या शेवटच्या प्रश्नासाठीच.

बाकीचं भराभर सांगते. कविता मोठ्याने वाचून निवडा, मनातल्या मनात वाचून नाही. समोर पाच-सात वर्षांची मुलं असतील तर अर्धा तास पुष्कळ झाला, दहा-बाराची असतील तर पाऊण तास चालतो. एकाच लयीच्या दोन कविता लागोपाठ नकोत. निवेदन दोन वाक्यांचं ठेवा आणि त्यात पुढच्या कवितेचा अर्थ सांगून टाकू नका. 'आता ऐकूया पाण्याचं महत्त्व पटवून देणारी कविता' असं तुम्हीच म्हणालात, तर मुलांनी ऐकायचं काय? हे मला दर कार्यक्रमात ऐकू येतं आणि दर वेळी वाईट वाटतं.

परवानगीबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलंय. भारतात कवीच्या निधनानंतर, पुढचं कॅलेंडर वर्ष सुरू झालं की तिथून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. शाळेच्या उपक्रमात शिक्षक आणि विद्यार्थ्यांनीच सादर केलं आणि समोर शाळेतलीच माणसं नि पालक असतील, तर कायद्यात सवलत आहे. तिकीट लावून बाहेर प्रयोग करणार असाल तर कवीला किंवा वारसांना, प्रकाशकांना रीतसर विचारा. आणि सवलत असो नसो, कवीचं नाव स्टेजवरून घ्याच.

चला, आता हातवारे. आजच्यासाठी मी माझ्याच चार ओळी कागदावर आणल्यात.

(कागद वर धरून)

छत्री म्हणते पावसाला,
थांब ना रे तू जरासा,
आत्ताच तर मिटला होता
मी माझा ओला पिसारा.

आता या ओळी सहसा कशा बसवल्या जातात ते बघा. 'छत्री': डोक्यावर मूठ. 'पावसाला': दहाही बोटं वरून खाली. 'थांब': ट्रॅफिक पोलिसासारखा पंजा. 'मिटला': दोन्ही हात जवळ. आणि 'पिसारा': मागे हात फुलवून मोर! सगळी मुलं एकदम मोर होतात, पालक टाळ्या वाजवतात.

पण या कवितेत मोर आहे कुठे? ओली छत्री मिटणं म्हणजे पिसारा मिटणं, ही गंमत ऐकणाऱ्या मुलाच्या डोक्यात घडायला हवी. छत्री ऐकली, पिसारा ऐकला, आणि एका क्षणात दोन्ही एकमेकांवर जाऊन बसले, की मूल स्वतःशीच हसतं. तुम्ही समोर मोर उभा केलात की छत्री गेली. शब्दाचं चित्र हाताने काढलं की शब्दामागचं चित्र पुसलं जातं. यमकं वगैरे सगळं शाबूत राहतं, कविता मात्र हातातून निसटते.

हेच आता प्रेक्षागृहात बसून बघा. दहाव्या रांगेत सात वर्षांची मुलगी आहे. तिचा कान एक शब्द पकडतो तेवढ्यात डोळ्यांना नवा हातवारा दिसतो. डोळा आणि कान यांची ओढाताण झाली की लहान मुलांच्या बाबतीत बहुतेक वेळा डोळा जिंकतो. ती हात बघत राहते आणि पुढचे तीन शब्द वाहून जातात. मग आपण म्हणतो, 'मुलांना कविता समजत नाही, म्हणून हातवारे द्यावे लागतात.' अहो, समजायला तिला ऐकू तर द्या!

आणि तिसरं, सादर करणाऱ्याच्या बाजूने. एका तालमीत मी गेले होते तेव्हाची गोष्ट. नऊ-दहा वर्षांचा मुलगा, आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं. पण प्रत्येक शब्दाआधी नजर स्वतःच्या हाताकडे. हात आधी, शब्द मागून. एका ठिकाणी हातवारा विसरला तर पुढची ओळच सुचेना, कारण ओळ हाताला बांधलेली. मी त्याला एकच प्रश्न विचारला, 'तू आत्ता कोण आहेस?' म्हणाला, 'मी कविता म्हणतोय.' म्हटलं, 'ते झालंच. पण बोलतंय कोण, आणि कोणाशी?' थोडा विचार करून म्हणाला, 'छत्री... पावसाशी.' (हो, याच ओळी होत्या. तालमींसाठी मी त्या जवळ ठेवते.)

मग दुसऱ्या एका मुलाला पाऊस केलं. पावसाचं काही करायचं नाही, फक्त पाठ फिरवून चालत राहायचं. छत्रीला सांगितलं, याला थांबव. पहिल्यांदा तो ओरडला, पाऊस थांबला नाही. दुसऱ्यांदा तो दोन पावलं मागे गेला, 'थांब ना रे' म्हणताना हात अर्धवट पुढे आला, बाही धरू की नको असा, आणि 'आत्ताच तर' वर आवाज रडवेला झाला. हा हात त्याला कोणी दिला नव्हता. तो तसाच ठेवला आणि प्रयोगात पावसाला काढून टाकलं. मुलगा एकटा उभा, पण पाऊस कुठे चाललाय ते त्याच्या नजरेत दिसत होतं.

तेव्हा 'हातवारे कुठले' याला माझं उत्तर हे: कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय आणि त्याला समोरच्याकडून काय हवंय, एवढं ठरवा. हात त्यातून येऊ दे. नाही आला तरी चालेल, बाजूला सरळ सोडलेले हात वाईट दिसत नाहीत. मोठी माणसं मुलांसाठी सादर करतात तेव्हाही हेच, उलट जास्तच, कारण मोठ्यांना लहान मुलांपुढे उगाच डोळे मोठे करून, आवाज चिरका करून बोलायची सवय असते. मुलांना ते लगेच कळतं.

एका सरांनी फार मनापासून लिहिलंय की वृत्तातली कविता अशी बोलली तर वृत्त मोडतं, ती चालीतच म्हणायला हवी. सर, काळजी रास्त आहे. पण वृत्त लघु-गुरूंच्या, म्हणजे आखूड आणि लांब उच्चाराच्या अक्षरांच्या क्रमात असतं, चालीत नसतं. भुजंगप्रयात हे वृत्त घ्या: ओळीत बारा अक्षरं, लगागा लगागा लगागा लगागा ('ल' म्हणजे लघु, 'गा' म्हणजे गुरू). ऱ्हस्व-दीर्घ नीट उच्चारले की ते आपोआप वाजतं. अडचण होते ती हेल काढल्यावर. प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज एकाच जागी पडतो आणि श्वासही तिथेच. माझ्या ओळीत 'आत्ताच तर मिटला होता' इथे पूर्ण थांबलात तर काय मिटला होता, हे लोंबकळत राहतं. इथे श्वास न तोडता आवाज किंचित वर ठेवा, 'मी माझा' वर या, आणि 'ओला'च्या आधी अगदी नकळत थबका. लयही राहते, अर्थही. अर्थात, मुलांना चालीत म्हणायला आवडतं, तेव्हा कार्यक्रमात एखादी कविता पूर्ण चालीवर ठेवा, टाळ्यांच्या ठेक्यावर, प्रेक्षकांना ध्रुवपद द्या. फक्त सगळ्याच तशा नकोत.

'ट्रॅक लावल्याशिवाय', म्हणजे मागे रेकॉर्ड केलेलं संगीत लावल्याशिवाय, 'मुलं बसतच नाहीत,' अशीही एक कॉमेंट आहे. विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट हे तिघे गावोगाव फिरून कविता वाचायचे. श्रोते मोठे होते, मान्य. पण तिघांनीही मुलांसाठी लिहिलं, आणि नुसत्या आवाजावर सभागृह धरता येतं हे त्यांनी आपल्याला दाखवून दिलंय. ट्रॅकची अडचण अशी की तो थांबत नाही. मुलं हसली, तुम्हाला दोन क्षण थांबायचंय, पण ट्रॅक पुढे गेला! वाद्य हवंच असेल तर वाजवणारा माणूस स्टेजवर बसवा, तो तुमच्याकडे बघून थांबेल.

कॉलर माईकवर मुलांचा श्वास फार येतो. माईक तोंडाच्या सरळ रेषेत नको, छातीवर थोडा खाली लावा, आणि तालमीला एकदा तरी माईक लावूनच म्हणायला द्या.

आता तुमची पाळी. तुम्ही बसवत असलेल्या कवितेचं नाव खाली लिहा आणि सोबत फक्त एवढंच लिहा: कोण बोलतंय, कोणाशी. त्यातल्या अडलेल्या कविता मी पुढच्या व्हिडिओत घेईन, ओळ न ओळ.