हॉटेलातला गाभारा

अथेन्सच्या मित्रोपोलेओस रस्त्यावर एका हॉटेलचे खांब थेट फुटपाथवर उतरतात. त्या खांबांच्या मधे कौलारू छपराचं एक ठेंगणं चर्च आहे, अगिया दिनामी. ऑटोमन काळातलं, पेंदेली मठाच्या मालकीचं. विसाव्या शतकात इथे शिक्षण मंत्रालयाची इमारत झाली तेव्हा चर्च पाडलं नाही, इमारतच त्याच्यावरून नेली. त्याच इमारतीत २०१६पासून हॉटेल आहे.

इथे चर्च आधीपासून होतं, हॉटेल नंतर आलं. याच्या उलट, हॉटेलातल्या एखाद्या दालनाचं ऑर्थोडॉक्स चॅपेल, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेचं छोटं प्रार्थनास्थळ, करायचं तर सुताराच्या आधी बिशपांकडे जावं लागतं. वेदीची विधिपूर्वक प्रतिष्ठा झालेली नसेल, तर त्यांच्या सहीचं अँटिमेन्शन हवं. हे कापड असतं. त्यावर ख्रिस्ताच्या दफनाचं चित्र आणि आत शिवलेला संताच्या अवशेषाचा कण. ते नसेल तर लिटर्जी, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाची मुख्य उपासना, नाही, मग कोरीव काम कितीही देखणं असो.

वेदी पूर्वेला. दिशा दालनात उभं राहून होकायंत्रावर बघू नये. स्लॅबमधल्या लोखंडामुळे सुई भरकटते. इमारतीच्या नकाशावरून घ्यावी. दालनाचं दारच पूर्वेला निघालं, तर ते बुजवून पश्चिमेला नवं पाडायचं.

गाभारा आणि सभागृह यांच्यामध्ये प्रतिमांची भिंत, आयकॉनोस्टासिस. मधल्या दाराच्या उजवीकडे ख्रिस्त, डावीकडे बाळासह मरिया. ख्रिस्ताच्या पलीकडे बाप्तिस्मा देणारा योहान, मरियेच्या पलीकडे चॅपेल ज्याच्या नावाचं तो संत. वेदीभोवती धुपाटणं हलवत फिरता यावं एवढी वाट ठेवतात. जागा नसेल तर वेदी मागच्या भिंतीला टेकवतात.

आराखड्यात हमखास विसरतो तो गाभाऱ्यातला निचरा. पवित्र पात्रं धुतलेलं पाणी गटारात सोडत नाहीत, ते मातीत जिरायला हवं. तळमजल्यावर वेगळा पाइप काढता येतो. चौथ्या मजल्यावर ते भांड्यात साठवून, कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी ओतावं लागतं.

पण सगळ्यात जास्त भांडण धुराशी. छतावरच्या धूरसूचकाला धूप आणि आग यांतला फरक कळत नाही. पहिल्याच प्रार्थनेला भोंगा वाजतो आणि पाहुणे जिन्याकडे धावतात. मग कुणीतरी सूचकावर प्लॅस्टिकची पिशवी बांधतं. हा शुद्ध आत्मघात. अग्निसुरक्षा सल्लागाराच्या संमतीने तिथे उष्णतासूचक बसवावा. आगीवर पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरची लाल काचकुपी ६८ अंश सेल्सिअसला फुटते, म्हणून मेणबत्त्यांचं झुंबर तिच्याखाली नको. मेणबत्त्या खोचायच्या वाळूच्या तबकावर एसीचा झोत आला की ज्योत फडफडते, मेण एका बाजूने ओघळतं, काजळी प्रतिमांवर बसते. झोत वळवा, तबक भिंतीपासून लांब ठेवा. धुपाटण्यातला कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नसतो. बिनखिडकीच्या खोलीत बाहेर हवा फेकणारा पंखा हवाच.

उरलं वेळापत्रक. एका वेदीवर दिवसाला एकच लिटर्जी; सकाळी झाली की त्या दिवशी दुसरी नाही, संध्याप्रार्थना मात्र चालते. लग्नाचा परवाना प्रत्येक जोडप्याला धर्मप्रांताच्या कचेरीतून वेगळा घ्यावा लागतो, तेव्हा मेजवानीच्या हॉलचे पैसे भरायचे ते परवाना हातात आल्यावरच.