शोध लागला की लावला?

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'गणित माणसाने घडवलं की ते आधीपासून होतंच?' त्यावर येतोच. पण आपल्या भाषेतली एक गोष्ट मला किती वर्षं टोचते आहे, ती आधी सांगू द्या. आपण म्हणतो, अमेरिकेचा शोध लागला. टेलिफोनचाही शोधच लागला. एक खंड मुळात जागेवर होता, दुसरी वस्तू कुणीतरी तारा जोडून बनवली, आणि क्रियापद दोघांना तेच! गणिताच्या बाबतीत मात्र मराठी फार नेमकी होते. वहीतून मान वर काढणारं पोरगं 'सोडवलं' म्हणत नाही. 'सुटलं!' म्हणतं. गाठ सुटावी तसं.

आता कागद-पेन काढा. मोबाइल नको, हातानेच करू. १९०५ लिहा. हे दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं जन्मवर्ष. डहाणूचा जन्म, आयुष्यभर देवळालीच्या शाळेत मास्तरकी. चारही अंक उतरत्या क्रमाने लिहा, ९५१०. त्यातून चढत्या क्रमाचे ०१५९ वजा करा. होय काकू, हातचा घ्यायचाच. आले ९३५१. याचंही तसंच करा. ८१७२, मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. पुढे करून बघा, ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच येते. कापरेकरांना हे १९४९ साली दिसलं. गणिती कोड्यांवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात लिहिलं, तेव्हा कुठे जगभर त्यांचं नाव झालं. तोवर आपल्याकडचे शहाणे लोक म्हणायचे, हा आकड्यांचा खेळ आहे, गणित नव्हे. याचं मला आजही वाईट वाटतं.

मी सातवीच्या वर्गात हे करून घेत होतो. सगळ्यांचं ६१७४ आलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, "सर, माझं शून्य आलं." वही बघितली. तिने २१११ घेतले होते. २१११ वजा १११२, उरले ९९९. पुढे ९९९ वजा ९९९, शून्य. मी म्हटलं, "अगं, ०९९९ लिही, पुढचं शून्य गाळू नकोस." तिच्या वडिलांचं किराणा दुकान. ती म्हणाली, "आमच्या दुकानात ९९९ रुपये असंच लिहितात. शून्य धरायचं हे कुणी ठरवलं?"

मी खडू खाली ठेवला. तिचं बरोबर होतं. ते आपणच ठरवलेलं आहे. मग फळ्यावर दोघांनी मिळून चार घरं आखली आणि ठरवलं, घर रिकामं सोडायचं नाही. ९९९० वजा ०९९९, ८९९१. मग ८०८२, ८५३२, आणि ६१७४. ती फळ्याकडे बघत राहिली. "पण सर, हे यायचं असं तर आपण ठरवलं नव्हतं." दुसऱ्या दिवशी तिने वहीचं मागचं पान दाखवलं. तीन घरं आखून तिने किती तरी संख्या केल्या होत्या. प्रत्येक ओळ ४९५ वर थांबलेली. मी तिला तीन अंकांचं काहीही सांगितलं नव्हतं, बरं का.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. पाच मिनिटांत आटपतो.

चार अंक उतरत्या क्रमाने लावले की वजाबाकीचं उत्तर दोनच फरकांवर ठरतं. पहिल्या-चौथ्या अंकाच्या फरकाला ९९९ ने गुणा, दुसऱ्या-तिसऱ्याच्या फरकाला ९० ने, आणि मिळवा. या फरकांच्या जोड्या होतात ५४. म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर हजारो संख्यांच्या उरतात ५४, त्या बसून तपासता येतात. जादू नाही. दहाचा पाया आपला, म्हणजे दहा-दहाचे गट करून मोजणं, दोन्ही हातांना मिळून दहा बोटं म्हणून. पाचाच्या पायावर मोजलं तर ६१७४ ला काही मान नाही. तिथे ३०३२ मधून पुन्हा ३०३२ च येतात. पाया निवडणं आपल्या हातात आहे. त्यावर कुठली संख्या टिकेल, ते नाही.

ब्रह्मगुप्तांचंही तसंच. इ. स. ६२८ मध्ये त्यांनी धन आणि ऋण यांचे नियम लिहिले, व्यवहारातली मालमत्ता आणि कर्ज हेच शब्द घेऊन. शब्द त्यांनी निवडले. पण ऋण गुणिले ऋण धन, हे त्यांना निवडता येत नव्हतं. ९ गुणिले ९ हे (१० − १) गुणिले (१० − १) असं मांडा. शंभरातून दोनदा दहा गेले, ८० उरले. उत्तर तर ८१. शेवटचा एक, म्हणजे ऋण एक गुणिले ऋण एक, मिळवावाच लागतो. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असंही त्यांनी लिहिलं. ते मात्र टिकलं नाही. शून्याने कशालाही गुणलं तरी शून्यच, तेव्हा तिथे पाच म्हटलं तरी चाललं असतं, सात म्हटलं तरी.

भास्कराचार्यांचं 'खहर', म्हणजे शून्याने भागलेली संख्या, राहिलं, ते चहाच्या वेळी. काकू, तुमची सातवी वजाबाकी झाली का? कागद इकडे द्या, बघू.