कोरी जागा

मंडळी, ‘थ्री मस्केटिअर्स’ मी पहिल्यांदा वाचली ती बारा-तेराव्या वर्षी, संक्षिप्त अनुवादात. लक्षात राहिल्या त्या तलवारी. पॅरिसमध्ये नवखा असलेला दार्तान्याँ एकाच दिवशी बारा, एक आणि दोन वाजता तीन मस्केटिअर्सशी, म्हणजे राजाच्या खास शिपायांशी, द्वंद्व ठरवून बसतो, तेव्हा मी श्वास रोखून पानं उलटत होतो. यंदा संपूर्ण कादंबरी वाचली आणि मला जागोजागी कागद दिसू लागले.

आठवून पाहा. बापाने दिलेलं शिफारसपत्र वाटेतच चोरीला जातं, तिथून दार्तान्याँची गोष्ट सुरू होते. राणीचे हिरे परत आणायला तो लंडनला निघतो, तर कॅलेच्या बंदरात राजाचा मुख्यमंत्री असलेल्या कार्डिनल रिशेल्यूच्या परवान्याशिवाय जहाज मिळत नाही; परवाना असलेल्या माणसाला लोळवून तो मिळवावा लागतो. तलवार उपसायची ती बहुतेक वेळा कुठल्यातरी चिठ्ठीसाठी.

सगळ्यात भयंकर कागद रिशेल्यूचा. ला रोशेल शहराच्या वेढ्याच्या काळात एका खाणावळीत तो मिलेडी या आपल्या हेर बाईला लिहून देतो, की हा कागद बाळगणाऱ्याने जे केलं ते माझ्या हुकमाने आणि राज्याच्या हितासाठी केलं. काय केलं, कोणी केलं, काहीच नाही. खालच्या खोलीत शेगडीच्या तुटक्या नळीला कान लावून आथोस, त्या तिघांतला आणि आता दार्तान्याँचा मित्र, हे सगळं ऐकतो, मग वर जातो आणि पिस्तूल रोखून तिच्याकडून तो काढून घेतो. लहानपणी मी इथे टाळ्या वाजवल्या होत्या. आता वाटतं, कागद हात बदलतो, पण त्यातलं विष तसंच राहतं.

कारण पुढे लीस नदीकाठी मिलेडीचा ‘न्याय’ होतो. माझ्या त्या आवृत्तीत हे प्रकरण दोन ओळींत उरकलं होतं. तिचे गुन्हे खरे आहेत. दार्तान्याँच्या प्रेयसीला, कॉन्स्टान्सला, तिनेच विष दिलं. पण समोर दहा पुरुष आहेत, आणि ते तीच त्यांना ऐकवते. आथोस जल्लादाला पैसे देतो, आपण न्यायाधीश म्हणून वागतोय हे दिसावं म्हणून. जल्लाद ती थैली नदीत फेकतो. मी त्या पानावर बराच वेळ थांबलो. 1844 साली वर्तमानपत्रात क्रमशः येणारी ही करमणुकीची कादंबरी. अलेक्झांडर ड्यूमाला इथून पटकन पुढे जाता आलं असतं. तो गेला नाही, म्हणून मला तो मोठा लेखक वाटतो.

पुढे दार्तान्याँला पकडून रिशेल्यूसमोर उभं करतात. तो तोच कागद पुढे करतो. कार्डिनल आपलीच अक्षरं वाचतो, कागद हळूहळू फाडतो आणि दुसरा देतो. लेफ्टनंटपदाची सनद, नावाची जागा कोरी.

दार्तान्याँ ती घेऊन मित्रांच्या दारी जातो. पोर्थोस श्रीमंत विधवेशी लग्न करणार आहे, आरामिस धर्मसेवेत चाललाय. आथोसने तर आधीच नकार दिलाय. दार्तान्याँ पुन्हा त्याच्याकडे येतो. दिव्याच्या उजेडात मद्याचा शेवटचा पेला न्याहाळत बसलेला आथोस लेखणी उचलतो आणि त्या कोऱ्या जागेत दार्तान्याँचं नाव लिहितो. आता मला मित्र उरले नाहीत, कडू आठवणीच उरल्या, असं दार्तान्याँ म्हणतो आणि डोकं हातांत धरून रडतो. वय एकविशीच्या आसपास.