मीटर रूममधली तीन पिल्लं

दिवस मोठे व्हायला लागले की मांजरी माजावर येतात आणि तिथून ६३ ते ६५ दिवसांनी सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो पडायला लागतात. जिन्याखाली चार पिल्लं, कुणाच्या बाल्कनीत कुंड्यांच्या मागे दोन, कुणाच्या बंद स्कूटरच्या डिकीखाली एक. आणि प्रत्येक फोटोखाली तेच, आई दिसत नाहीये, कोणी घेऊन जाईल का प्लीज.

या व्हिडिओत दिसतेय ती ठाण्यातल्या एका जुन्या बिल्डिंगची मीटर रूम. एकमेकांच्या अंगावर चढून झोपलेली ही तीन पिल्लं साधारण दहा दिवसांची असतील, डोळे नुकते किलकिले झालेत, कान अजून डोक्याला चिकटलेलेच आहेत. आई आत्ता इथे नाहीये. पण ती सोडून गेली असं लगेच धरून चालू नका, ती खायला गेलेली असू शकते, माणसांची गर्दी बघून समोरच्या गाडीखाली दबून बसलेली असू शकते, किंवा ती जागा बदलत असेल. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे घरोघरी म्हणतात ना, सात आकड्याचं सोडा पण फिरवते हे अगदी खरंय, जागा धोक्याची वाटली की ती एकेका पिल्लाला मानेला धरून दुसरीकडे नेते, आणि एकेकच नेता येतं म्हणून मधल्या वेळात बाकीची उघड्यावर एकटी दिसतात. नेमके तेव्हाच आपण खोका घेऊन पोचतो. माझं तर स्पष्ट मत आहे की अनाथ म्हणून उचललेल्या पिल्लांपैकी कितीतरी अनाथ नसतातच, आपणच त्यांना अनाथ करतो, आणि तेही चांगल्या मनाने.

मग करायचं काय, तर आधी लांबून बघायचं. पोट गोल आहे, अंग कोरडं आहे, शांत झोपलीयेत, म्हणजे आई जवळपासच आहे आणि तिने नीट पाजलंय. सतत ओरडतायत, पोट खपाटीला गेलंय, अंग थंड लागतंय, तर काहीतरी बिघडलंय. गर्दी हटवा, मुलांना घरी पाठवा आणि काही तास वाट बघा. रात्री पिल्लांपासून हातभर लांब रांगोळीची पातळ रेघ टाकून ठेवली तर आई येऊन गेली का ते पावलांच्या ठशांवरून कळतं. आणि माणसाचा हात लागला की मांजर पिल्लाला जवळ घेत नाही असं जे सांगतात ते खरं नाही, चुकून उचललं असेल तर परत तिथेच ठेवा, ती घेते. फक्त पावसाचं पाणी शिरतंय, कुत्री मागे लागलीयेत, अंगाला मुंग्या लागल्यात किंवा आई गाडीखाली गेल्याचं कुणी स्वतः पाहिलंय, अशा वेळी वाट बघत बसायचं नाही.

इथे तसंच झालं. आदल्या रात्री गेटसमोर एक मांजर गाडीखाली गेली, वॉचमन काकांनी तिला ओळखलं, आणि सकाळी ते वाटीत दूध घेऊन मीटर रूमच्या दाराशी उभे.

"ताई, दूध आणलंय कोमट करून, पाजू का?"

"थांबा काका, आधी अंग गरम होऊ दे. आत्ता पाजलं तर जाईल ते."

ही चौथ्या मजल्यावरची ताई, ती अशी पिल्लं वाढवून घरं शोधून देते. तिने काय केलं बघा, पिल्लाच्या तोंडात करंगळीचं टोक घातलं. आतून थंड लागलं. तीन-चार आठवड्यांपर्यंत पिल्लांना स्वतःच्या शरीराची ऊब धरून ठेवता येत नाही, ती सगळी आईकडून आणि भावंडांकडून येते, आणि अंग थंड पडलं की पोटाचं काम थांबतं, म्हणजे पाजलेलं दूध पचत नाही, नुसतं पडून राहतं. गिळण्याची ताकदही नसते, मग दूध फुफ्फुसात जातं. भुकेने मेलं असं आपण म्हणतो त्यातली बरीच पिल्लं खरं तर गारठून जातात, आणि हे मुंबई-ठाण्यातल्या लोकांना पटतच नाही कारण आपल्याला तर घामाच्या धारा लागलेल्या असतात. पण शंभर-सव्वाशे ग्रॅमचा जीव, खाली ओली फरशी आणि वर फुल स्पीडचा फॅन, एवढं पुरतं.

गरम पाण्याची पिशवी, तिच्यावर टॉवेल, आणि ती खोक्याच्या फक्त अर्ध्या भागात, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकून बाजूला जाता येतं. घाई करायची नाही, हळूहळू गरम करायचं. अगदीच मलूल असेल तर ग्लुकोजच्या पाण्याचा एखादा थेंब हिरड्यांना चोळायचा आणि सरळ व्हेटकडे निघायचं. खोका स्टुलावर ठेवायचा आणि स्टुलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, कारण दुधाचा वास लागलेल्या तोंडाला मुंग्या कधी लागतात ते झोपेत कळतसुद्धा नाही.

आता दूध. गाईचं नको. मांजरीच्या दुधात प्रोटीन गाईच्या दुधाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असतं, फॅटही जास्त असतं, त्यामुळे गाईच्या दुधावर पिल्लाचं पोट भरल्यासारखं दिसतं पण वाढ होत नाही, आणि वर जुलाब लागले की इतक्या छोट्या शरीरातलं पाणी बघता बघता संपतं. पेट शॉपमध्ये आणि ऑनलाइन पिल्लांसाठीची खास दुधाची पावडर मिळते, तीच आणा, महाग आहे मान्य आहे पण त्याला दुसरा सोपा पर्याय नाही.

पाजताना पिल्लू पोटावर, आईला पितं तसं, मान थोडी वर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून अजिबात पाजायचं नाही, दूध श्वासनलिकेत जातं आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया झालेलं पिल्लू घेऊन लोक धावतात. हा क्लोज-अप नीट बघा, सिरिंजला लावलेला निपल तोंडात पक्का धरला की पिल्लाचे कान लयीत मागेपुढे हलायला लागतात आणि पुढचे पाय हवेत पीठ मळल्यासारखे चालतात, हे दिसलं की समजायचं गिळतंय. ताई सिरिंज दाबत नाहीये, ती फक्त धरून बसलीये, ओढायचं काम पिल्लाचं. १०० ग्रॅम वजनाला एका वेळी साधारण ४ मिली, त्याहून जास्त कोंबायचं नाही. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दुसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांनी. नोकरी करणाऱ्या माणसाला हे एकट्याने झेपत नाही, म्हणून शेजारी, कॉलेजची मुलं, घरी असणाऱ्या काकू असं मिळून वाटून घेतलेलं बरं.

दूध झालं की अर्धंच काम झालं. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लांना आपली आपण शी-शू करता येत नाही, आई चाटते तेव्हा होते. कोमट पाण्यात कापूस भिजवून, पिळून, शेपटीखाली हळूच घासायचं, मिनिटभरात होते. हे माहीत नसल्यामुळे पोट फुगून गेलेली पिल्लं या ताईने पाहिलीत आणि ते सांगताना तिचा आवाज बदलतो. मग वजन, किचनचा डिजिटल काटा, त्यावर वाटी, वाटीत पिल्लू. जन्मतः १०० ग्रॅमच्या आसपास असतात आणि रोज १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं. वजन एक दिवस जागेवर राहिलं तर लक्ष ठेवा, कमी झालं तर व्हेटला फोन लावा, दिसायला बरंय म्हणून थांबू नका. मुंबईत असाल तर परळचं बाई साकरबाई पेटिट हॉस्पिटल आहे, सगळे ज्याला बैलघोडा म्हणतात ते, १८८३ पासून चालू आहे.

पिसवांकडेही बघायला हवं, कारण अंगभर पिसवा असल्या तर त्या एवढं रक्त पितात की हिरड्या पांढऱ्याफटक पडतात. इतक्या लहान वयात औषधी ड्रॉप्स चालत नाहीत, बारीक दातांच्या फणीने एकेक काढायच्या. कुत्र्याच्या गोचिडांचं औषध तर लावूच नका, त्यातलं पर्मेथ्रिन मांजरांना विष आहे, आणि ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल द्याल तर तीही. जंताचं औषध दोन-तीन आठवड्यांपासून, डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. लसी सहा-आठ आठवड्यांपासून, रेबीजची बारा आठवड्यांनंतर.

चौथ्या आठवड्यात दात आलेले असतात, पळापळ सुरू होते, ओलं खाणं चाटायला लागतात आणि सगळ्यांना वाटतं सुटलो, आता देऊन टाकू. इथेच थांबा. किती जोरात चावलं की समोरच्याला लागतं, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं, आपण फारसं शिकवू शकत नाही. हेलसिंकी युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी जवळपास ६००० मांजरांचा अभ्यास केला होता, २०१७ साली तो छापून आला, त्यात आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांमध्ये आक्रमकपणा जास्त दिसला. त्यामुळे आई नसेल तर निदान भावंडं तरी एकत्र ठेवा, आणि एकटंच पिल्लू असेल तर त्याच वयाचं दुसरं कुणाकडे आहे का ते शोधा, आधी व्हेटकडून तपासून घ्या आणि मगच एकत्र करा. खेळताना हाताची बोटं पुढे करू नका, आज गोड वाटतं पण मोठं झाल्यावर तेच दात लागतात. लोक सहा आठवड्यांचं पिल्लू मागतात कारण ते जास्त क्यूट दिसतं, ही ताई सरळ नाही म्हणते आणि मला ते शंभर टक्के पटतं. दहा-बारा आठवडे झाले, लस झाली, मातीत जायची सवय लागली, मग द्यायचं, आणि जमलं तर दोघांना एकाच घरी.

मीटर रूममधली ही तिन्ही आता जाळी लावलेल्या बाल्कनीत आहेत, त्यातली दोन जोडीने डोंबिवलीला चाललीयेत, तिसऱ्यासाठी ताईचे फोन चालू आहेत. त्याच बिल्डिंगमध्ये अजून एक मांजर आहे, पिल्लांना पाजणारी. पाजत असतानाही मांजर परत गाभण राहू शकते, त्यामुळे तिची पिल्लं खायला लागली की तिचं नसबंदीचं ऑपरेशन करायचं ठरलंय, पकडायला पिंजरा सोसायटीने आणलाय. ऑपरेशन झालेल्या मांजरीच्या कानाचं टोक, बहुतेक वेळा डाव्या, सरळ कापलेलं असतं, ते दिसलं तर तिला परत पकडू नका.