मोल्येच्या झाडावरची द्राक्षं

[दृश्य: झाडाला टेकवलेली लाकडी शिडी. पानांत अर्धा झाकलेला माणूस. खाली टोपल्या.]

हे झाड द्राक्षाचं नाही, मोल्येचं आहे. पानं कडुलिंबाची आठवण करून देणारी, पण बरीच नाजूक. फांद्या लोंबत्या, त्यांना गुलाबी मिऱ्यांचे झुबके. पान चुरगाळलं की मिरीचा उग्र वास बोटांना चिकटून राहतो. आणि याच फांद्यांतून लटकलेत द्राक्षांचे घड. बुंध्याशी लावलेली वेल झाडाला धरून वर चढली, ती तिथेच राहिली. इथल्या कित्येक वेलींनी शंभरी ओलांडली आहे. द्राक्षं तोडायची तर झाडावर चढावं लागतं.

दक्षिण बोलिव्हियातलं हे सिंतीचं खोरं. दोन्ही बाजूंना लालभडक कडे, मधे नदीकाठची हिरवी पट्टी. गाव कामार्गो.

तारा आणि सिमेंटचे खांब येण्याच्या कितीतरी आधीचा हा मांडव. फुकटचा, आणि कामाचाही. दुपारचं ऊन तो अडवतो, पहाटेचा गारठा थोडा थोपवतो. गारा आल्याच तर पहिला मार त्याची पानं खातात. वासामुळे कीडही लांब राहते, असं शेतकरी सांगतात.

[दृश्य: पोतोसीचा उघडाबोडका डोंगर.]

वाइनच्या जगात बोलिव्हियाला हल्ली ‘उदयोन्मुख’ म्हणतात. आता हे ‘उदयोन्मुख’ किती जुनं, ते बघा. १५४५ मध्ये पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली आणि चार हजार मीटर उंचीवर एक अवाढव्य शहर उभं राहिलं. चांदी भरपूर, पण तिथल्या थंडीत द्राक्षवेल जगायची नाही. स्पॅनिश लोकांना तर वाइन हवीच. जेवणाला हवी आणि चर्चमधल्या प्रार्थनेलाही हवी. मग खालच्या खोऱ्यांत वेली लागल्या आणि जनावरांच्या पाठीवरून वाइन डोंगर चढू लागली. अशाच एका खोऱ्यात तारिहा शहर वसलं, १५७४ मध्ये.

याच व्यवहारातून सिंगानी आली. मस्कत ऑफ अलेक्झांड्रिया या सुवासिक पांढऱ्या द्राक्षाची वाइन भट्टीवर गाळून केलेली ही दारू. नितळ असते, आणि पेला नाकाजवळ नेला की आधी फुलांचा वास येतो. नियम असा, की द्राक्षं १,६०० मीटरच्या वरच पिकलेली हवीत. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्र जिथे संपतो, साधारण तिथून सिंगानीचे मळे सुरू होतात! अमेरिकेत ही बरीच वर्षं ‘ब्रँडी’ म्हणून विकली जायची. चित्रपट दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग हिच्या इतका प्रेमात पडला, की त्याने स्वतःचा ब्रँड काढला आणि तिला तिच्या नावाने ओळख मिळावी म्हणून सरकारदरबारी खेटे घातले. २०२३ मध्ये ती ओळख मिळाली.

[दृश्य: तारिहाचं मोकळं खोरं. तारांवर चढवलेल्या वेलींच्या सरळ ओळी.]

आजच्या बोलिव्हियन वाइनचं मुख्य घर म्हणजे तारिहा. इथल्या माणसांना चापाको म्हणतात. कोलबर्ग, आरान्हुएस, काम्पोस दे सोलाना या नावाजलेल्या वायनऱ्या इथल्याच. लाल वाइनमध्ये सध्या बोलबाला आहे तनातचा. मूळचं हे नैऋत्य फ्रान्सचं द्राक्ष, चांगलंच तुरट. इथे विरळ हवेतून येणारं कडक ऊन त्याची साल जाड करतं, रंग गडद करतं. आणि रात्री हवा गार पडत असल्याने पिकतानाही आंबटपणा टिकून राहतो. त्याची वाइन पेल्यात जवळजवळ जांभळी दिसते. जोडीला मटणच हवं.

विषुववृत्तापासून नाशिक उत्तरेला वीस अंशांवर, तारिहा दक्षिणेला साडेएकवीस. नाशिकची वेल झोपतच नाही, म्हणून तिची वर्षातून दोनदा छाटणी. तारिहाला उंचीमुळे जून-जुलैत कडाक्याची थंडी पडते, वेल पानं टाकून गाढ झोपते, छाटणी एकदाच. गंमत म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्हीकडे तोडणीचीच धांदल असते. आपला हिवाळा सरत असतो, त्यांचा उन्हाळा.

परदेशातल्या दुकानांत ही वाइन सहजी दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात चिलीशी झालेल्या युद्धात बोलिव्हियाने किनारा गमावला, तेव्हापासून प्रत्येक खोकं दुसऱ्याच्या बंदरातून जातं. बरीचशी बाटली घरीच रिकामी होते. सिंगानीत जिंजर एल (आल्याच्या चवीचं फसफसतं पेय), लिंबाची चकती आणि बर्फ घातला की झालं ‘चुफ्लाय’. बोलिव्हियात कुठल्याही समारंभात हातात हाच पेला.

[दृश्य: दुपार. डोंगराआडून वर येणारे काळे ढग.]

आणि गारपीट. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला हा शब्द समजावून सांगायला नको. इथे ती उन्हाळी पावसाबरोबर येते, नेमकी घड भरत असताना. वर्षभराचं पीक दहा-पंधरा मिनिटांत जमिनीवर. तारिहाच्या मळ्यांतून म्हणूनच ओळीच्या ओळी जाळीखाली दिसतात. जाळीला पैसा लागतो. लहान शेतकरी आकाशाकडे बघत राहतो.

सिंतीत जाळ्या नाहीत. ढग गडगडले तसा शिडीवरचा माणूस भरली टोपली घेऊन खाली उतरला. टोपली त्याने छपराखाली सरकवली, शिडी मात्र झाडालाच राहू दिली. वरचे घड अजून तोडायचेत.