नडगीची जखम आणि जालन्याचा कोष

(दृश्य: कापणी झालेलं तुरीचं रान, जमिनीलगत उभे सड)

सड नडगीला लागला, तर विशीतला पोरगा दुसऱ्या दिवशी विसरून जातो. सत्तरीतल्या आजोबांची मात्र साल निघाल्यागत कातडी सुटते आणि जखम महिना-महिना पाझरत राहते. घरचे म्हणतात, "वय झालं, अंगात रक्त राहिलं नाही."

रक्ताचा भाग आहेच. पण गोची कातडीच्या आतही आहे. तरुण त्वचेच्या दोन थरांमधला जोड खाचाखोचांचा असतो. वयानं तो सपाट होतो, म्हणून जरा घासलं की वरचा थर सरकतो. खाली कोलॅजेन, म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रथिन, घडवणाऱ्या काही पेशी धड मरत नाहीत, धड काम करत नाहीत, उलट दाह वाढवतात. जखम साफ करायला आलेल्या पांढऱ्या पेशीही लवकर हटत नाहीत. नवं कोलॅजेन तयार व्हायच्या आत विकरं (एन्झाइम) ते तोडून टाकतात.

वेलाला मांडव लागतो, तसा नव्या पेशींना चढायला आधार लागतो. तो तात्पुरता आधार म्हणजे बायोमटेरियल. कोलॅजेनचा स्पंज, कोळंबीच्या कवचातून काढलेलं कायटोसान, नाहीतर रेशीम.

(दृश्य: जालना, रेशीम कोष बाजार)

रेशीम म्हटलं की आपल्याला पैठणी आठवते. पण जालना-बीडचे तुतीवाले शेतकरी विकतात त्या कोषात मुख्यतः दोन प्रथिनं असतात. सोड्याच्या उकळत्या पाण्यात सेरिसिनचा डिंक सुटतो, उरतं फायब्रोइन. ते विरघळवून त्याचा पातळ पापुद्रा, स्पंज किंवा जेल करता येतं. शरीर ते सावकाश पचवतं, तोवर पेशींना आपलं काम उरकायला सवड मिळते. अर्थात, या बाजारातला कोष जातो तो धागा काढायलाच.

आपला हट्ट असतो जखम सुकवायचा. १९६२ मध्ये संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर दाखवून दिलं, की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्या, खपली धरलेल्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगानं नवी कातडी धरते. हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारं जेल, त्याच वाटेनं आलं.

अशा बायोमटेरियलचे बरेच प्रयोग उंदरांवरचे, तेही तरुण उंदरांवरचे. उंदराची जखम मुख्यतः कडा आकसून मिटते, माणसाची तशी मिटत नाही. त्यामुळे असे निकाल ऐकून आम्ही तरी लगेच हुरळत नाही.

पायात रक्त पोहोचत नसेल, साखर आवाक्याबाहेर असेल, तर महागडं जेलही वाया जातं. डॉक्टर आधी पायाची नाडी बघतात, साखर तपासतात, मेलेली कातडी काढतात. मग जखम कोरडी असेल तर हायड्रोजेल, पाझरत असेल तर समुद्री शेवाळापासून केलेली अल्जिनेटची पट्टी.